औंधचे तीन आकडे

मुलांनो, आज सुरुवातीलाच तुम्हांला एक कोडं घालते. खाली तीन आकडे लिहिले आहेत. नीट बघा बरं.

२३२४, २३०६, २३४३.

काय असेल हे? आमच्या चौथीच्या वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवून गप्प उभी राहिले. लगेच हात वर झाले. एक जण म्हणाला, "बाई, एसटीच्या गाड्यांचे नंबर!" दुसरी म्हणाली, "शेताचे गट नंबर. आमच्या सातबाऱ्यावर असतात." मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "लॉटरीचं तिकीट." सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर कुणालाच आलं नाही.

उत्तर असं आहे : हे आपल्या गावाचं नाव आहे. औंध! सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं आपलं औंध. ‘औ’ म्हणजे २३२४, त्यावरचा अनुस्वार म्हणजे २३०६ आणि ‘ध’ म्हणजे २३४३. तुम्ही मोबाइलवर मराठीत ‘औंध’ लिहिलंत, की यंत्र ते या तीन आकड्यांनी ओळखतं. साताऱ्यात हेच तीन आकडे, दुबईत हेच, जपानमधल्या टोकियोत हेच आणि आफ्रिकेतल्या नैरोबीतही हेच.

हे आकडे दिले कुणी? आणि सगळ्या देशांनी ते मान्य कसे केले? ही गोष्ट मला मुद्दाम शोधावी लागली. का, ते आधी सांगते.

ओव्यांची वही

आमची शाळा औंधजवळच्या एका वाडीवर आहे. २०१४ साली आम्ही मुलांना एक उपक्रम दिला होता. घरातल्या, शेजारच्या आज्यांकडे जायचं आणि त्यांना येतात त्या जात्यावरच्या ओव्या लिहून आणायच्या. मुलांनी दोन महिन्यांत एक जाडजूड वही भरली. त्यातली जवळजवळ अर्धी वही एकाच आजींची होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण डोळे मिटून त्या सांगायला लागल्या, की लिहिणाऱ्याचा हात दुखायचा.

त्या वहीचं छोटं पुस्तक काढायचं ठरलं. टायपिंगच्या एका दुकानात सगळा मजकूर टाइप करून घेतला, फाइल पेन ड्राइव्हमध्ये ठेवली. पण छपाईचे पैसे काही जमले नाहीत. पुस्तक राहिलं. पुढे एका पावसाळ्यात कपाट गळक्या कोपऱ्यात राहिलं आणि वहीचा लगदा झाला. मी मनाची समजूत घातली, "वही गेली तरी फाइल आहे की."

२०२१ साली त्या आजी वारल्या. त्यांचा नातू जर्मनीत नोकरीला आहे. त्याचा मेल आला, "बाई, आजीच्या ओव्या तुमच्याकडे आहेत असं आई म्हणते. पाठवाल का? माझ्या मुलीला ऐकवायच्या आहेत." मी त्याच दिवशी फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बाई, तुम्ही हे काय पाठवलंत? एक अक्षर वाचता येत नाही."

मी माझ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर तिथेही तीच तऱ्हा! उलटी प्रश्नचिन्हं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. चाळीस पानं नुसता कचरा. माझ्या पोटात गोळाच आला. वही गेली, आजी गेल्या, आणि आता फाइलही बोलेना!

कॉम्प्युटरला अक्षर येत नाही

हे असं का झालं? त्यासाठी एक गंमत समजून घ्या. कॉम्प्युटर कितीही हुशार दिसला तरी त्याला ‘क’ येत नाही, ‘ख’ येत नाही. त्याला फक्त आकडे येतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो. आपल्या वर्गाच्या हजेरीपटासारखंच की! मी "सात नंबर" म्हटलं, की सात नंबरचा मुलगा "हजर" म्हणतो.

अमेरिकेत १९६३ साली असा एक हजेरीपट झाला. त्याचं नाव ॲस्की. त्यात जागा फक्त १२८. इंग्रजीची मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, अंक, स्वल्पविराम वगैरे त्यात बसले. मोठ्या ‘ए’ला ६५ नंबर मिळाला, छोट्या ‘ए’ला ९७. इंग्रजीचं काम भागलं. पण मराठीचं काय? तमिळचं, अरबीचं, चिनीचं काय? त्यांची नावं पटावर नव्हतीच.

मग लोकांनी युक्ती काढली. ६५ नंबरच्या घरात ‘ए’ राहतो ना? राहू दे. त्या घरावर चित्र मात्र आपण मराठी अक्षराचं लावू! अशी चित्रं बदलणारे फाँट तयार झाले. फाँट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संच. पडद्यावर सुंदर मराठी दिसायची, छापूनही छान यायची. आपल्याकडची कितीतरी पुस्तकं, लग्नपत्रिका अशाच फाँटवर छापल्या गेल्या. त्या काळात त्या युक्तीने मराठीचं मोठं काम झालं, हे विसरून चालणार नाही.

पण गोम अशी, की प्रत्येक फाँटवाल्याचा हजेरीपट वेगळा. एका शाळेत सात नंबरला ‘क’, तर दुसऱ्या शाळेत सात नंबरला ‘म’! एका शाळेचा पट दुसऱ्या शाळेत नेऊन हजेरी घेतली तर काय होईल? गोंधळ! आणि ज्या कॉम्प्युटरवर तो फाँटच नाही, तो बिचारा चित्र काढून टाकतो आणि मूळची अमेरिकी अक्षरं दाखवतो. आमच्या ओव्यांचं नेमकं हेच झालं होतं.

पत्राला जे जमलं

मुलांनो, देशादेशांमधला असा गोंधळ काही नवा नाही. पूर्वी पत्रांचंही असंच होतं. एका देशाचं पत्र दुसऱ्या देशात जायचं, तर त्या दोन देशांचा वेगळा करार लागायचा. वाटेत तिसरा देश आला तर त्याचा हिशेब आणखी वेगळा. शेवटी १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देश एकत्र बसले आणि त्यांनी टपालाचे सामाईक नियम ठरवले. भारत दोन वर्षांनी, १८७६ साली त्यात आला. म्हणून तर आपल्या पोस्टात तिकीट लावून टाकलेलं पत्र परदेशातल्या पोस्टमनकाका मुकाट्याने पोचवतात. त्यांनी आपलं तिकीट मान्य करायचं, आपण त्यांचं. एवढी साधी गोष्ट, पण त्यासाठी सगळ्यांना एका टेबलाशी बसावं लागलं.

अक्षरांच्या बाबतीतही अशीच सभा भरणं भाग होतं.

पुण्याचा पट आणि जगाचा पट

आपल्या देशात या कामाला सुरुवात कानपूरला झाली. तिथल्या आय.आय.टी.त भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं तंत्र तयार होत होतं. त्याचं नाव जिस्ट. या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि जिस्टचं काम पुण्याला आलं. सी-डॅक म्हटलं की मोठ्यांना डॉ. विजय भटकर आणि त्यांचा परम महासंगणक आठवतो. पण त्याच संस्थेत आपल्या ‘क’ ‘ख’ ‘ग’चीही काळजी वाहिली जात होती.

भारताने आपला एक हजेरीपट ठरवला. त्याचं नाव इस्की. भारतीय मानक म्हणून तो १९९१ साली पक्का झाला. त्यात मोठी शहाणपणाची गोष्ट होती. मराठीतला ‘क’, बंगालीतला ‘क’, गुजरातीतला, कन्नडमधला ‘क’ हे दिसायला वेगळे, पण आवाज एकच. म्हणून सगळ्यांना मिळून एकच नंबर, १७९! भारतीय भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत हे आपण भाषणात म्हणतो. इथे ते आकड्यांत उतरलं.

त्याच सुमारास, १९८८ साली, अमेरिकेत जो बेकर नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना मांडली. ते झेरॉक्स कंपनीत काम करत. त्यांचं म्हणणं होतं, की जगातल्या सगळ्या लिप्यांचा मिळून एकच हजेरीपट करावा. त्याला नाव दिलं युनिकोड. १९९१ साली त्यासाठी एक मंडळ स्थापन झालं आणि त्याच वर्षी पहिला पट बाहेर आला. त्यात देवनागरी होती. आणि गंमत बघा, देवनागरीचा तो क्रम मंडळाने मनाने ठरवला नाही. भारताच्या १९८८च्या इस्कीवरून तो घेतला. म्हणजे आपल्या माणसांनी आधी घरचा अभ्यास करून ठेवला होता, म्हणून जगाच्या सभेत तो उपयोगी पडला.

फरक एवढाच, की युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळी गल्ली दिली. देवनागरीची गल्ली २३०४ पासून २४३१ पर्यंत, १२८ घरांची. ‘क’ २३२५, ‘ख’ २३२६, ‘ग’ २३२७, ‘घ’ २३२८, ‘ङ’ २३२९. पाढे म्हणावेत तसा क्रम आहे की नाही?

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र या गल्लीत शोधू नका. त्यांना स्वतंत्र घर नाही. ‘क’, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ‘ष’ असे तिघं शेजारी आले, की यंत्र त्यांचा ‘क्ष’ करून दाखवतं. आपण व्याकरणात जोडाक्षर फोडतो, अगदी तस्संच!

आणखी एक गोष्ट. मराठीतला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीत ते वेगळे दिसतात. पण नंबर एकच. अक्षराची ओळख नंबरात असते आणि रूप फाँटमध्ये. मुलाने शाळेचा गणवेश घातला काय किंवा लग्नात झब्बा घातला काय, हजेरीपटावर तो एकच मुलगा!

सभेत जो बोलतो त्याचं ऐकलं जातं

आता मोठा प्रश्न. या पटावर नाव घालायचं की नाही, हे कोण ठरवतं? युनिकोड मंडळात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्याबरोबर आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी बसतात. पुढे भारत सरकारही युनिकोड मंडळाचं सभासद झालं. नवीन अक्षर घालायचा प्रस्ताव मात्र कुणीही पाठवू शकतो. पण नुसतं "आम्हांला हवंय" म्हणून चालत नाही. ते अक्षर कुठे छापलं आहे, कोण वापरतं, याचे नमुने द्यावे लागतात. आणि नियम मोठा कडक : एकदा दिलेला नंबर पुन्हा बदलायचा नाही, काढायचा नाही. नाहीतर जुन्या फाइली वाचणार कशा?

यातलं एक उदाहरण तुमच्या रोजच्या वापरातलं आहे. वर मी ‘ॲस्की’ लिहिलं ना? त्यातला ‘ॲ’ बघा. हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ पटावर पहिल्यापासून होता. मराठी पद्धतीचा, ‘अ’वर चंद्र असलेला ‘ॲ’ मात्र नव्हता. लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत, पण काही यंत्रांवर तो चंद्र ‘अ’वर बसायचाच नाही, शेजारी भलतीकडेच जाऊन पडायचा. प्रस्ताव गेला, नमुने गेले आणि २००८ साली मराठीच्या ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं, नंबर २४१८. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा आदेश काढला. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मानाने आले.

आपल्या रुपयाचं ‘₹’ हे चिन्हही असंच. भारत सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला ८३७७ नंबर मिळालासुद्धा. एक पूर्ण देश मागे उभा असला की काम किती लवकर होतं बघा!

आणि मोडी? आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत असायचे. अजून कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत सापडतात. त्या मोडीला जगाच्या पटावर जागा मिळाली २०१४ साली. तो प्रस्ताव लिहिला अंशुमन पांडे या अमेरिकेत राहणाऱ्या अभ्यासकाने. त्यांनी एकट्याने चिकाटी धरली आणि शेकडो वर्षं चाललेली आपली लिपी यंत्रावर आली.

हे वाचताना मला औंधचीच एक जुनी गोष्ट आठवते. औंध हे पूर्वी संस्थान होतं. आटपाडीसारखा आज सांगली जिल्ह्यात असलेला भागही त्यात होता. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, कारभार लोकांच्या हाती दिला. गावोगावच्या पंचायती आपापलं काम बघू लागल्या. राजाने सत्ता सोडली हे मोठंच. पण लोकांनी पंचायतीत येऊन बसणं, बोलणं, जबाबदारी घेणं हेही तितकंच मोठं. जो सभेला जातच नाही, त्याच्या विहिरीचा प्रश्न कोण मांडणार? अक्षरांच्या सभेतही तेच.

जे उशिरा पोचले

श्रीमंत देशांची अक्षरं पटावर आधी बसली. गरीब देशांना वाट बघावी लागली. पश्चिम आफ्रिकेत न्को नावाची लिपी आहे. गिनी देशातले सोलोमाना कांते यांनी ती १९४९ साली स्वतः तयार केली, आपल्या लोकांना आपल्या भाषेत लिहिता यावं म्हणून. तिला युनिकोडमध्ये जागा मिळायला २००६ साल उजाडलं. तोवर तिथल्या मुलांना आपल्या लिपीत साधा मेल पाठवायचा म्हटलं तरी अडचण!

आपला शेजारी म्यानमार. तिथे युनिकोड नीट चालण्याआधीच झॉजी नावाचा एक फाँट घरोघर पोचला होता. त्याचा पट वेगळा. मग निम्मे फोन एका पटाचे आणि निम्मे दुसऱ्या पटाचे! एकाने पाठवलेला निरोप दुसऱ्याला वाचता येईना. शेवटी १ ऑक्टोबर २०१९ पासून सरकारने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं. एक अख्खा देश आपली अक्षरं एका घरातून दुसऱ्या घरात हलवत होता. त्यात किती लोकांची किती दमछाक झाली असेल, कल्पना करा.

आणि पटावर नाव आलं म्हणजे सगळं समान झालं, असंही नाही. पालकांना आठवत असेल, मोबाइलच्या एका एसेमेसमध्ये इंग्रजी अक्षरं मावत १६०. तोच निरोप मराठीत लिहिला, तर मावत फक्त ७०, कानामात्रा धरून! कारण त्या पद्धतीत आपलं अक्षर जास्त जागा घेतं. इंटरनेटवरच्या नेहमीच्या पद्धतीतही इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या एका चिन्हाला तीन. इंग्रजी स्पेलिंगमधलं औंध पाच बाइटांत बसतं, मराठीतल्या औंधला लागतात नऊ. आज जागा स्वस्त झाली आहे, म्हणून हे जाणवत नाही. पण नियम करताना जो आधी आला, त्याच्या सोयीने घर बांधलं गेलं, हे खरं.

तरीही आज युनिकोडमध्ये दीड लाखांहून अधिक अक्षरं-चिन्हं आहेत आणि १६०हून अधिक लिप्या आहेत. अजून कितीतरी जागा रिकामी आहे. अहो, तुमचे ते हसरे-रडके चेहरेसुद्धा याच पटावर बसले आहेत! पूर्वी जपानमधल्या प्रत्येक मोबाइल कंपनीचे चेहरे वेगवेगळ्या नंबरांचे. एकाने हसून निरोप पाठवावा आणि दुसऱ्याला भलतंच दिसावं! आता दात दाखवून हसणाऱ्या चेहऱ्याचा नंबर सगळीकडे १,२८,५१२.

मग आमच्या ओव्यांचं काय झालं?

सांगते ना. टायपिंगचं ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. त्या दुकानदारभाऊंना मी गाठलं. म्हटलं, "भाऊ, २०१४ साली तुम्ही कुठला फाँट वापरत होता?" त्यांनी डोकं खाजवलं, जुन्या पावत्या काढल्या, शेवटी त्यांना नाव आठवलं. नाव कळलं म्हणजे किल्ली सापडली. कारण जुन्या पटावरचा नंबर घेऊन त्याजागी युनिकोडचा नंबर लावणारे प्रोग्रॅम असतात. पण कुठल्या पटावरून यायचं, हे त्यांना सांगावं लागतं.

पडद्यावर हळूहळू मराठी दिसू लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले. पण गंमत पुढेच आहे. प्रोग्रॅमने एक चूक केली होती. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र त्याने खाऊनच टाकला होता. त्यामुळे ‘दऱ्या’ची झाली ‘दया’, ‘वाऱ्या’चं झालं ‘वाया’ आणि ‘कोऱ्या’ लुगड्याच्या झाल्या ‘कोया’! माझ्या वर्गाने चार शनिवार बसून सगळ्या ओव्या तपासल्या. शंका आली की मुलं आजींच्या सुनेकडे धावायची. "काकी, इथे कोया कशा?" काकी हसून म्हणायच्या, "अरे, कोऱ्या! सासूबाई असं म्हणायच्या," आणि ती ओळ म्हणूनच दाखवायच्या.

सगळं सापडलं असं मात्र नाही. सात ओळी अशा आहेत, की त्यातला शब्द आम्हांला लागलाच नाही. काकींनाही आठवला नाही. तो सांगणाऱ्या आजी आता नाहीत. तिथे आम्ही टिंबं ठेवली आहेत. अंदाजाने शब्द घालायचा नाही, असं मुलांनीच ठरवलं. ती टिंबं बघितली की मला दर वेळी वाटतं, वही कोरड्या जागी ठेवली असती तर!

फाइल जर्मनीला गेली. या वेळी एकाच ओळीचं उत्तर आलं, "बाई, वाचलं. आजीचा आवाज ऐकू आला."

पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द

तुमच्या घरी, मंडळात, ग्रामपंचायतीत जुन्या फाँटवर टाइप केलेल्या फाइली असतील. गावाचा इतिहास, भजनांच्या वह्या, सभांची इतिवृत्तं. टाइप करणारा माणूस आहे तोवर फाँटचं नाव विचारून लिहून ठेवा. जमल्यास युनिकोडमध्ये करून घ्या आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. यंत्रावर विसंबून राहू नका. आणि एक प्रत कागदावर ठेवा, कोरड्या कपाटात! मुलांना मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू देऊ नका. कळफलक बदलायला दोन मिनिटं लागतात. पटावर एवढ्या कष्टाने नाव आलं आहे, ते वापरायला नको का?

करून पाहा

चला मुलांनो, आता तुमची पाळी. अक्षरांचे नंबर असे :

स्वर : अ २३०९, आ २३१०, इ २३११, ई २३१२, उ २३१३, ऊ २३१४.

व्यंजनं : ‘क’ २३२५ पासून वर्णमालेच्या क्रमाने ‘न’ २३४४ पर्यंत एकेक वाढवत जा. २३४५ हे घर मराठीत लागत नाही, ते सोडा. मग प २३४६, फ २३४७, ब २३४८, भ २३४९, म २३५०, य २३५१, र २३५२, ल २३५४, ळ २३५५, व २३५७, श २३५८, ष २३५९, स २३६०, ह २३६१.

काना : २३६६.

आता ओळखा, औंधच्या डोंगरावर कोण आहे?

२३५१, २३५०, २३६६, २३१२.

जमलं? शाब्बास! आता घरी आजी असेल तर तिच्याजवळ बसा. तिला येणारी एक ओवी, एक म्हण किंवा शेताचं एक जुनं नाव विचारा. आधी वहीत लिहा आणि मग मोबाइलवर मराठीत टाइप करा. एखादा शब्द कळला नाही, तर तिला आजच विचारा. उद्यावर टाकू नका.